मंडळी घरी, वेदी चर्चमध्ये

रविवारच्या उपासनेकडे साथरोगतज्ज्ञाच्या नजरेने पाहिलं, तर तिच्यात बिनधोक असं फारसं काही सापडत नाही. बंद सभागृह, तासाभराची बैठक, एका बाकावर दाटीने बसलेल्या तीन पिढ्या, मोकळ्या गळ्याने गायलेली गीतं, हस्तांदोलन, एकाच प्याल्यातून घेतलेला द्राक्षारस, जिभेवर ठेवलेला ख्रिस्तप्रसाद, दाराशी पवित्र पाण्याच्या पात्रात बुडवलेली बोटं. आणि हे सगळं आटोपल्यावर अंगणातल्या गप्पा, ज्यांच्यासाठी निम्मी माणसं आलेली असतात. मार्च २०२०मध्ये हे सगळं थांबवायची वेळ आली तेव्हा जगभरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे एकच प्रश्न उभा राहिला: यातलं काय वगळलं तरी उपासना उपासनाच राहते, आणि काय वगळलं की ती राहत नाही?

उत्तरं सारखी आली नाहीत. ज्यांच्या उपासनेचा गाभा प्रवचन आहे त्यांनी मोबाइल उभा केला आणि ते मोकळे झाले. ज्यांचा गाभा वेदीवरचा प्रसाद आहे ते अडले. ज्यांचं सगळं बळ सामूहिक गायनात आणि अंगावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेत होतं, त्यांची कोंडी सर्वांत मोठी झाली. त्या दोन वर्षांतल्या तडजोडींकडे तंत्रज्ञानाची गोष्ट म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. मला ती अपुरी वाटते. कॅमेरा सगळ्यांकडे होता. कुणी काय सोडलं आणि कुणी कशावर हट्ट धरला, हे पाहणं जास्त उद्बोधक आहे.

हा प्रश्न चर्चला नवा नव्हता. इ. स. ५९०मध्ये रोममध्ये प्लेग असताना पोप ग्रेगरी पहिले यांनी शहरभरातून प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. त्या मिरवणुकीतच तासाभरात ऐंशी माणसं कोसळून मेली, असं तूरचा बिशप ग्रेगरी या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तरी पुढची हजार वर्षं साथ आली की मिरवणूक निघाली. १५२२च्या प्लेगमध्ये सान मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस रोमच्या वस्त्यांमधून सोळा दिवस फिरवला गेला. २७ मार्च २०२० रोजी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस प्रार्थना करत असताना त्यांच्याजवळ उभा केलेला क्रूस तोच. मात्र या वेळी तो एका जागी होता आणि लोक पडद्यापलीकडे होते.

दोन टोकं एकाच शहरात पाहायची तर मिलानकडे जावं. १५७६च्या प्लेगमध्ये तिथले आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी आधी मिरवणुका काढल्याच. स्वतः अनवाणी चालले. पण लोकांना घरांत कोंडण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. धर्मगुरू रस्त्यावर मिस्सा अर्पण करत आणि माणसं आपापल्या खिडकीतून तिच्यात भाग घेत. ठरावीक वेळी घंटा वाजे आणि अख्खा रस्ता खिडक्यांतून प्रार्थनेला उत्तर देई. ऑनलाइन मिस्सेचं हे सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचं रूप, आणि माझ्या मते जास्त चांगलं. कारण शेजाऱ्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येत होता. पुढे १६३०मध्ये पुन्हा प्लेग आला. तेव्हाचे आर्चबिशप फेदेरिको बोरोमेओ हे कार्लोंचे चुलतभाऊ. संत झालेल्या कार्लोंचा देह शहरातून फिरवा, अशी मागणी नगरसभेने केली. फेदेरिकोंनी आधी नकार दिला, शेवटी ते नमले. ११ जूनला मिरवणूक निघाली आणि त्यानंतर मृत्यू भराभर वाढले. मान्झोनीच्या ‘द बिट्रोथ्ड’ या कादंबरीत हे सगळं सविस्तर आलं आहे. खिडकीतली मिस्सा विसरली गेली आणि मिरवणूक तेवढी लक्षात राहिली, हा लोकस्मृतीचा नमुना म्हणावा लागेल.

प्रोटेस्टंट बाजूला ल्यूथरचं १५२७चं पत्र आजही चर्चेत येतं. प्राणघातक साथीपासून पळून जावं का, या प्रश्नाला त्याने दिलेलं हे उत्तर. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे त्याने पळू नये, पण औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, गरज नसेल तिथे जाऊ नये. नाहीतर आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव जाईल, असा त्याचा रोख होता. स्वतः तो विटेनबर्गमध्येच थांबला. १६६५-६६च्या प्लेगमध्ये इंग्लंडच्या ईम या खेड्यात विल्यम मॉम्पेसन या पाळकाने गावकऱ्यांना स्वतःहून गावाची सीमा बंद करायला राजी केलं. चर्चला कुलूप लावलं आणि उपासना उघड्या दरीत नेली. कुटुंबं एकमेकांपासून अंतर राखून गवतावर उभी राहत.

आपल्याकडचा धागा मुंबईच्या प्लेगपाशी आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. त्या प्लेगमुळे आलेला १८९७चा साथरोग कायदा सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला. वांद्रे, माझगाव, गिरगाव भागांत गल्लीच्या तोंडाशी दिसणाऱ्या कित्येक क्रुसांचा इतिहास याच प्लेगशी जोडला जातो. जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत आजही मे महिन्यात शेजारीपाजारी अशा क्रुसाभोवती जमून प्रार्थना म्हणतात. उपासना चर्चच्या भिंतींबाहेर काढून गल्लीत आणायची वहिवाट मुंबईला अशी जुनी आहे.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाची दोन शहरं मात्र शेजारी ठेवून पाहावीत. स्पेनमधल्या झामोराच्या बिशपांनी आरोग्य अधिकाऱ्यांना न जुमानता संत रॉक यांची नऊ दिवसांची नोव्हेना ठेवली. भाविक रांगेने येऊन संतांच्या अवशेषांचं चुंबन घेत राहिले. झामोराचा मृत्युदर स्पेनच्या शहरांत सर्वाधिक ठरला, आणि पुढे बिशपांना सेवेबद्दल सन्मानपदकही मिळालं. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये चर्च बंद करण्याचा आदेश निघाला, त्यावर काही पाळक चिडले. कृष्णवर्णीयांच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक फ्रान्सिस ग्रिम्के यांनी चर्च पुन्हा उघडल्यावर, ३ नोव्हेंबर १९१८ला, प्रवचनात उलट भूमिका घेतली: नाटकगृहात जमणं धोक्याचं असेल तर चर्चमध्ये जमणंही तितकंच धोक्याचं. शंभर वर्षांनी हे प्रवचन अमेरिकेत पुन्हा वाचलं गेलं, कारण वादाचे मुद्दे जसेच्या तसे होते.

२०२०मध्ये पहिले धक्के प्रार्थनासभांनीच दिले. दक्षिण कोरियात देगू शहरातल्या शिनचॉन्जी या पंथाच्या सभांमधून हजारो जणांना लागण झाली. तिथली मुख्य प्रवाहातली चर्चेस या पंथाला ख्रिस्ती मानत नाहीत, पण बोल सगळ्यांनाच लागला. फ्रान्सच्या म्युलुझमध्ये फेब्रुवारीतल्या एका इव्हँजेलिकल शिबिराला दोन हजारांहून जास्त माणसं आली होती आणि तिथून साथ देशभर गेली. या दोन्ही ठिकाणी लोकांना धोक्याची पुरती कल्पना नव्हती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. जास्त शिकवून गेलं ते अमेरिकेतलं स्कॅजिट व्हॅली इथलं उदाहरण. ते चर्चचं नव्हे, गावातलं गायनवृंद. तालमीची जागा तेवढी चर्चच्या सभागृहाची. १० मार्चला तालमीला ६१ जण आले. कुणी हात मिळवले नाहीत, दाराशी सॅनिटायझर होतं. तालीम अडीच तास चालली. ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. हात धुण्यावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना हवेतून होणाऱ्या प्रसाराचा पहिला ठळक पुरावा इथे मिळाला, आणि जगभरची गायनवृंदं गप्प झाली. पुढे ब्रिटनमधल्या प्रयोगांतून दिसलं की तेवढ्याच आवाजात बोलणं आणि गाणं यांत तुषारकणांचा फरक फार नाही. खरा फरक आवाज किती मोठा याचा आहे. म्हणजे हळू गाणाऱ्यांपेक्षा मोठ्याने प्रवचन देणारे जास्त धोक्याचे. हा निष्कर्ष पाळकवर्गात फारसा लोकप्रिय झाल्याचं दिसलं नाही.

सर्वांत खोल पेच प्रसादाचा होता, आणि इथे प्रत्येक परंपरेने आपला खरा चेहरा दाखवला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस एकत्र करून एकाच चमच्याने सर्वांच्या मुखी देतात. ख्रिस्ताच्या शरीरातून रोग पसरूच शकत नाही, अशी भूमिका ग्रीसच्या चर्चने मार्च २०२०मध्ये घेतली. रुमानियाच्या चर्चने धास्तावलेल्या भाविकांना घरून आपला चमचा आणायची मुभा दिली आणि टीका होताच पाऊल मागे घेतलं. बाहेरून याला अंधश्रद्धा म्हणणं सोपं आहे. पण ज्या चर्चने चमचा ‘सुरक्षित’ करायचं ठरवलं, तिला आधी तो असुरक्षित आहे असं मान्य करावं लागतं, आणि मग हजार वर्षांची शिकवण हलते. त्यांची अडचण खरी होती. तिचा परिणामही खरा होता. माँटेनेग्रोचे महाधर्माध्यक्ष अम्फिलोहिये कोविडबाधित होऊन वारले. नोव्हेंबर २०२०च्या आरंभी त्यांच्या उघड्या शवपेटीपाशी गर्दीने चुंबनं घेतली. त्या अंत्यविधीचे प्रमुख, सर्बियाचे पॅट्रिआर्क इरिने, तीन आठवड्यांच्या आत कोविडनेच गेले.

अँग्लिकन चर्चने एका प्याल्यावर आधीच विचार करून ठेवला होता. १५४७च्या इंग्रजी कायद्यात भाकर आणि द्राक्षारस दोन्ही द्यावेत असं म्हणताना गरजेपोटी अपवादाची जागा आहे. त्याचा आधार घेऊन २०२०मध्ये लोकांना फक्त भाकर दिली गेली. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला का नको, यावर मात्र तिथे कायदेशीर घोळ झाला. गंमत अशी की हे छोटे पेलेच मुळात जंतूंच्या भीतीतून जन्मलेले. १८९०च्या दशकात, जंतूंचं शास्त्र नवं असताना, अमेरिकन प्रोटेस्टंट चर्चमध्ये क्षयाच्या धास्तीने ते आले आणि मिशनऱ्यांबरोबर जगभर गेले. ज्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला काचेच्या इवल्या पेल्यांचा ट्रे फिरतो, तिथे एका जुन्या साथीची तडजोडच परंपरा होऊन बसली आहे.

कॅथलिक चर्चने वेगळी वाट धरली. लोक असोत वा नसोत, फादरांनी अर्पण केलेली मिस्सा पूर्ण असते, हा तिचा सिद्धांत. त्यामुळे वेदी चालू राहिली आणि मंडळी घरी राहिली. भाविकांना ‘आध्यात्मिक कम्युनियन’ सांगितलं गेलं, म्हणजे प्रत्यक्ष प्रसादाऐवजी मनाने केलेली इच्छा. व्हॅटिकनने मार्चमध्येच कळवलं की ईस्टरची तारीख हलणार नाही, पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी गाळावा आणि शुभ शुक्रवारी आजाऱ्यांसाठी खास प्रार्थना जोडावी. एकेकट्याने पापनिवेदन अशक्य असेल तिथे सामुदायिक पापक्षमेची वाटही मोकळी ठेवली. पोपांची सकाळची मिस्सा ९ मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत रोज थेट दाखवली गेली. व्यवस्था चोख होती. पण सामान्य भाविक प्रेक्षक झाला, हा तिचा दोष लपला नाही. लोम्बार्दीतल्या एका फादरांनी घरोघरचे फोटो मागवून रिकाम्या बाकांवर चिकटवले आणि त्यांच्यापुढे मिस्सा अर्पण केली. जगाने ते कौतुकाने पाहिलं. मला त्यात फादरांचीच पोरकेपणाची भावना दिसते. त्याच ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपल्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली. चर्चची इमारत पाळकांनाही बंद करण्याचा इंग्लंडमधला निर्णय पुढे बराच टीकेचा धनी झाला.

भारतात २५ मार्चला टाळेबंदी लागली ती उपवासकाळाच्या मध्यात. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. मिरवणूक नाही, झावळ्या नाहीत, आणि त्याच रात्री नऊ वाजता सगळा देश दारात दिवे लावत होता. केंद्राने ८ जूनपासून धार्मिक स्थळं उघडायला परवानगी दिली, पण पवित्र पाणी शिंपडायचं नाही, प्रसाद वाटायचा नाही, गायनवृंद नको, ध्वनिमुद्रित गीतं लावा, अशा अटींवर. महाराष्ट्राने दारं बंदच ठेवली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी खुली झाली. दोन्ही मुहूर्त हिंदू पंचांगातले आहेत, याची चर्चच्या अंगणात थोडी थट्टाही झाली असणार.

या काळात मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती जीवनातले गर्दीचे सगळे खांब एकेक करून गळाले. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि तिला सर्व धर्मांची माणसं हजारोंनी येतात. ती गर्दी थांबली. सप्टेंबरातली वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा रद्द झाली. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त लोकांनी पडद्यावर पाहिलं. नाताळात रात्रीची संचारबंदी असल्याने मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी सरकली. एका बाबतीत मात्र भारतीय चर्चला काहीच बदलावं लागलं नाही. मिस्सेत एकमेकांना शांती देताना युरोपात हात मिळवतात. इथे १९६९पासून नमस्काराची मुभा आहे आणि बहुतेक ठिकाणी तीच रीत आहे. जगभरचे बिशप कोपराला कोपर लावण्याचे प्रयोग करत होते तेव्हा वसईतल्या आजीला नवं काही शिकावं लागलं नाही.

कोर्टकचेऱ्यांबद्दल थोडक्यात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ईस्टरच्या तोंडावर बंदी उठवायला नकार दिला, पण महिनाअखेरीस एका मशिदीच्या अर्जावर सांगितलं की अपवादाला जागाच नसलेली सरसकट बंदी चालणार नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मे महिन्यात बंदी सैल करायला लावली आणि नोव्हेंबरात कॅथीड्रल असो वा चॅपल, तीस माणसांचीच मर्यादा, हा नियम मोडून काढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२०मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची बाजू उचलली, आणि एक न्यायाधीश बदलल्यावर नोव्हेंबरमध्ये तितक्याच मतांनी चर्चची. स्कॉटलंडमध्ये मार्च २०२१मध्ये बंदी बेकायदा ठरली. यातून तत्त्व निघतं ते सरळ आहे: दुकान उघडं ठेवता येत असेल तर चर्च का नाही, याचं कारण सरकारने द्यावं. माझा कल ग्रिम्केंकडे झुकतो. पण दारूचं दुकान उघडं आणि प्रार्थनास्थळ बंद असं चित्र होतं तेव्हा त्यांनीही सरकारला प्रश्न विचारला असता.

उपासना कशीबशी पडद्यावर नेता आली. अंत्यविधी नेता आला नाही. ईमच्या साथीत एका आईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने घराजवळच्या शेतात पुरली, कारण चर्चच्या दफनभूमीत न्यायला कुणी नव्हतं. मार्च २०२०च्या अखेरीस मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने मेलेल्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. काही तासांतच ते मागे घेतलं गेलं. चेन्नईत एप्रिलमध्ये एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिकेवर दगडफेक झाली आणि सहकाऱ्याने रात्री स्वतः माती लोटली. केरळात आलाप्पुळाच्या किनारपट्टीवर जमिनीखाली लगेच पाणी लागतं. खोल खड्डा खणता येत नाही. तिथल्या लॅटिन धर्मप्रांताच्या बिशपांनी जुलैमध्ये चर्चच्याच दफनभूमीत दहनाला परवानगी दिली आणि अस्थी तिथेच पुरायला सांगितलं. कॅथलिक चर्चने दहनाची मनाई १९६३मध्येच उठवली होती, पण मासेमारी करणाऱ्या त्या गावांमध्ये ते कुणी पाहिलं नव्हतं. या साऱ्या काळातला सर्वांत धाडसी धार्मिक निर्णय कोणता, असं विचारलं तर मी व्हॅटिकनकडे किंवा लंडनकडे बोट दाखवणार नाही, या किनाऱ्याकडे दाखवीन. तिथे धर्मशास्त्र होतं, स्थानिक मातीचं ज्ञान होतं आणि घाबरलेल्या शेजाऱ्यांचा विचारही होता.

हट्टाची नोंदही करायला हवी. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी चर्च उघडी ठेवली आणि विषाणू ख्रिस्ताच्या शरीरात टिकू शकत नाही असं जाहीरपणे सांगितलं. आणि हट्ट नसतानाही चूक होते: एप्रिल २०२१मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाच्या (सीएसआय) दक्षिण केरळ धर्मप्रांताने पाळकांचं वार्षिक शिबिर मुन्नारला भरवलं. त्यानंतर कित्येक पाळक आजारी पडले, काही गेले. पहिली लाट ओसरल्यावरचा निर्धास्तपणा तेव्हा देशात सगळीकडेच होता.

साथ ओसरल्यावर काय परत आलं? जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ गावाने १६३३च्या प्लेगमध्ये नवस बोलून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक सुरू केलं. २०२०चा त्याचा प्रयोग साथीनेच अडवला, तो २०२२मध्ये झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला २०२४-२५मध्ये जुन्या गोव्यात पुन्हा रांगा लागल्या. सण आणि जत्रा परतल्या. साधा रविवार तितकासा परतला नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये २०१९ला आठवड्याला सरासरी साडेआठ लाखांच्या आसपास माणसं येत. २०२३मध्ये तो आकडा सात लाखांच्या आत होता. अमेरिकेत महिन्यातून एकदा तरी उपासनेला जाणारे प्रौढ ३३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले; घसरण इतकीच. पण साधारण एक चतुर्थांश प्रौढ नियमितपणे पडद्यावरही उपासना पाहू लागले आहेत.

म्हणून आता वाद आहे तो कॅमेऱ्याचा. उपासनाविषयक व्हॅटिकन खात्याचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनी ऑगस्ट २०२०मध्येच बिशपांना लिहिलं होतं की प्रक्षेपण ही प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी नव्हे, शक्य होताच चर्चमध्ये परता. त्यांचं म्हणणं निरोगी माणसांपुरतं बरोबर आहे. पण अंथरुणाला खिळलेली, चाकाच्या खुर्चीतली, दुबईत राहणारी आणि कॅनडात मराठी मिस्सा शोधणारी माणसं टाळेबंदीने पहिल्यांदा मंडळीत आली, आणि कॅमेरा काढला की तीच पहिल्यांदा बाहेर जातात. दुसरीकडे, चर्चमधून प्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सेवकांची फेरी ही कितीतरी जुनी व्यवस्था आहे. पडदा आहेच म्हणून एखाद्या धर्मग्रामात ती फेरी मंदावली असेल, तर ते हजेरीच्या कुठल्याच आकड्यात दिसणार नाही. फादरांना घरोघर विचारूनच शोधावं लागेल.